मानवी विकासाचे दीर्घकालीन अभ्यास

एकाच व्यक्तिसमूहाचे बालपणापासून प्रौढपणापर्यंत, व शक्य तेथे वार्धक्यापर्यंत, ठराविक कालांतराने पुनःपुन्हा निरीक्षण व मापन करून व्यक्तीच्या विकासाची आणि स्वास्थ्याची वाटचाल उलगडून दाखविणाऱ्या संशोधनास ही संज्ञा लावतात. यांनाच ‘अनुदैर्घ्य अभ्यास’ असेही म्हणतात. स्वास्थ्य या संज्ञेने येथे केवळ रोगाचा अभाव अभिप्रेत नसून शरीरप्रकृती, मनःस्थिती, आप्तेष्टांशी असलेले संबंध, उपजीविका आणि स्वतःच्या जीवनाविषयीचे समाधान या सर्वांचा तीत समावेश होतो. बालपणी जे दिसते त्यावरून पुढील आयुष्य ओळखता येते, ही समजूत बहुतेक सर्व समाजांत आढळते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही मराठी म्हण तिचीच निदर्शक होय. ही समजूत कितपत खरी आहे, बालपणातील कोणत्या गोष्टींचा ठसा टिकून राहतो व कोणत्या गोष्टी पुढे पुसल्या जातात, हे तपासून पाहणे हा या अभ्यासांचा मुख्य हेतू आहे. या प्रश्नाच्या उत्तरावर बालसंगोपन, शिक्षण, आहार व गुन्हेगारीप्रतिबंध यांविषयीची सामाजिक धोरणे अवलंबून असल्यामुळे त्यास केवळ शास्त्रीय नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

पूर्वेतिहास : मुलाच्या वाढीची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे प्रारंभीचे प्रयत्न आईबापांनी स्वतःच्या मुलांविषयी लिहिलेल्या दैनंदिनींच्या स्वरूपाचे होते. फ्रान्समधील काउंट माँबेयार याने आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत नियमितपणे मोजून ठेवली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान याने आपल्या मुलाच्या मानसिक विकासाची टिपणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) याने आपल्या थोरल्या मुलाविषयी केलेली निरीक्षणे १८७७ मध्ये प्रकाशित झाली व त्यानंतर पाच वर्षांनी व्हिल्हेल्म प्रायर याचा बालमनावरील जर्मन ग्रंथ निघाला. या नोंदींमुळे बालमानसशास्त्राची पायाभरणी झाली. तथापि एका मुलावरून सर्व मुलांविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते, तसेच निरीक्षण करणारा पिता तटस्थ राहतोच असे नाही. अनेक मुलांचा एकाच मोजमापाने व पुष्कळ वर्षे मागोवा घेण्याचे कार्य विसाव्या शतकातच सुरू होऊ शकले [→ बालमानसशास्त्र].

अभ्यासपद्धती : विकासाचा अभ्यास दोन प्रकारे करता येतो. पहिल्या, म्हणजे छेदात्मक पद्धतीत निरनिराळ्या वयांच्या व्यक्ती एकाच वेळी तपासून त्यांची तुलना करतात. ही पद्धती अल्पखर्चाची व शीघ्र फलदायी असली, तरी तिच्यात एक मोठा दोष संभवतो. वीस वर्षांचा तरुण आणि सत्तर वर्षांचा वृद्ध यांच्यात केवळ वयाचाच फरक नसतो. त्यांचे शालेय शिक्षण, आहार व त्यांनी अनुभवलेला काळही भिन्न असतो. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात याचे ठळक उदाहरण आढळते. छेदात्मक पाहण्यांवरून बुद्धी तारुण्यानंतर झपाट्याने उतरणीस लागते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई याने सीॲटल येथे १९५६ मध्ये प्रारंभ केलेल्या अभ्यासात त्याच व्यक्तींची सात-सात वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बहुतेकांच्या बौद्धिक क्षमता मध्यमवयात टिकून राहतात व लक्षणीय घट सामान्यतः साठीनंतरच दिसू लागते, असे आढळून आले. पूर्वी जो वयाचा परिणाम मानला गेला होता, त्याचा बराचसा भाग वस्तुतः जुन्या पिढीस मिळालेल्या अपुऱ्या शिक्षणाचा परिणाम होता [→ बुद्धिमत्ता].

दुसऱ्या, म्हणजे दीर्घकालीन पद्धतीत त्याच व्यक्तींची स्वतःशीच तुलना होत असल्याने हा दोष टळतो. शिवाय या पद्धतीत माहिती घटना घडतात त्या काळातच नोंदविली जाते. प्रौढ माणसास त्याच्या बालपणाविषयी विचारून मिळविलेली माहिती बरीच सदोष असते. कारण स्मृती गतकाळास वर्तमानाचा रंग देते. न्यूझीलंडमधील ड्यूनीडन येथील अभ्यासात चिंताविकार व अवसाद यांचे प्रमाण वेळोवेळी केलेल्या तपासण्यांवरून काढले असता, ते प्रौढांच्या आठवणींवर आधारलेल्या नेहमीच्या पाहण्यांतील प्रमाणाच्या सुमारे दुप्पट भरले. आपण एके काळी मानसिक दृष्ट्या आजारी होतो, याचा अनेकांना पुढे विसर पडतो, असा याचा अर्थ होतो.

विशिष्ट काळात जन्मलेल्या ज्या समूहाचा मागोवा घेतात त्यास ‘जन्मसमूह’ म्हणतात. अशा समूहात दिसून येणाऱ्या बदलांमागे तीन प्रकारची कारणे असू शकतात : वाढते वय, त्या पिढीची वैशिष्ट्ये, आणि युद्ध, मंदी, रोगाची साथ यांसारख्या तत्कालीन घटना. ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी काढण्यासाठी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या अनेक समूहांचा समांतर अभ्यास करावा लागतो.

प्रमुख अभ्यास : (१) अमेरिका : स्टॅनफर्ड विद्यापीठातील लूइस टर्मन (१८७७–१९५६) याने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे १,५०० अतिबुद्धिमान मुलामुलींची निवड करून त्यांचा अभ्यास आरंभिला व त्याच्या निधनानंतरही तो चालू राहिला. अतिबुद्धिमान मुले दुर्बल व एकलकोंडी असतात, हा तत्कालीन लोकभ्रम त्यामुळे दूर झाला. ती प्रकृतीने सशक्त असून बहुतेक पुढे आपापल्या व्यवसायांत यशस्वी झाली. परंतु उच्च बुद्धिगुणांक म्हणजे असामान्य कर्तृत्वाची हमी नव्हे, हेही त्याच अभ्यासाने दाखवून दिले. चाचणीत निवडीस आवश्यक तेवढे गुण न पडल्यामुळे वगळलेल्या मुलांपैकी विल्यम शॉक्ली व लूइस ॲल्व्हारेझ यांना पुढे अनुक्रमे १९५६ व १९६८ ची भौतिकीची नोबेल पारितोषिके मिळाली. निवडलेल्यांपैकी अत्यंत यशस्वी व अल्पयशस्वी अशा दोन गटांची तुलना केली असता त्यांच्या बुद्धिगुणांकांत फारसा फरक आढळला नाही; फरक होता तो चिकाटी, आत्मविश्वास व घरातील वातावरण यांत. तसेच निवडलेल्या बऱ्याच मुलींना घराबाहेर कर्तृत्वास वावच मिळाला नाही. गुणांचे चीज होण्यास संधी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.

कॅलिफोर्नियातच बर्कली व ओकलंड येथे १९२८ ते १९३२ या काळात तीन अभ्यास सुरू झाले. त्यांपैकी बर्कली येथील मार्गदर्शन अभ्यासाची प्रमुख जीन मॅक्फार्लेन हिने तिशीत पोहोचलेल्या व्यक्तींना पुन्हा तपासले, तेव्हा तिला स्वतःची अनेक भाकिते चुकल्याचे दिसून आले. बालपणी अडचणीत सापडलेली कित्येक मुले अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली निघाली, तर सर्व प्रकारे अनुकूल परिस्थिती लाभलेली काही मुले पुढे असमाधानी राहिली. संशोधक मुलांच्या अडचणींना अवाजवी महत्त्व देतात आणि अडचणींतून शिकण्याच्या त्यांच्या शक्तीकडे दुर्लक्ष करतात, असे तिने प्रांजळपणे नमूद केले.

याच सामग्रीचा वेगळ्या दृष्टीने उपयोग समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर याने केला. १९२९ नंतरच्या महामंदीत या मुलांच्या कुटुंबांचे उत्पन्न घटले होते. मंदी आली तेव्हा ओकलंडची मुले (जन्म १९२०–२१) पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर होती. त्यांनी घरकामाचा व अर्थार्जनाचा वाटा उचलला आणि त्यांच्यापैकी अनेक जण पुढे जबाबदार व समर्थ प्रौढ झाले. बर्कलीची मुले (जन्म १९२८–२९) मात्र त्या वेळी तान्ही वा अगदी लहान होती. कुटुंबातील ताणतणावांचा भार त्यांच्यावर, विशेषतः मुलग्यांवर, अधिक पडला. तीच आपत्ती कोणत्या वयात कोसळते यावर तिचा परिणाम अवलंबून असतो, हा एल्डरचा निष्कर्ष ‘जीवनक्रम’ सिद्धांताचा आधार बनला. त्याचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हार्व्हर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात २६८ विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा एक स्वतंत्र अभ्यास पुढे त्यास जोडण्यात आला. मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हायलंट याने दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले. आप्तेष्टांशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध हे वार्धक्यातील आरोग्याचे व समाधानाचे एक प्रमुख गमक असल्याचे या अभ्यासातून पुढे आले. पन्नाशीतील नातेसंबंधांच्या समाधानावरून ऐंशीतील प्रकृतीचा जेवढा अंदाज करता आला, तेवढा त्याच वयातील रक्तातील कोलेस्टेरॉलच्या प्रमाणावरून करता आला नाही. तथापि मूळचे दोन्ही गट केवळ गोऱ्या पुरुषांचे होते, ही या अभ्यासाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

(२) ग्रेट ब्रिटन : मार्च १९४६ मधील एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे जन्मलेल्या बालकांची पाहणी जेम्स डग्लस याने केली. तिचा मूळ हेतू प्रसूतीचा खर्च व प्रसूतिसेवा यांची माहिती मिळविणे एवढाच होता. परंतु त्यांतील ५,३६२ मुलांचा मागोवा पुढे चालूच ठेवण्यात आला. समूहातील व्यक्तींना दरवर्षी वाढदिवसाचे शुभेच्छापत्र पाठवून त्यांच्याशी संपर्क राखला जातो. सारखीच बुद्धिमत्ता असूनही श्रमिक कुटुंबांतील मुलांना निवडक माध्यमिक शाळांत मध्यमवर्गीय मुलांपेक्षा कमी प्रवेश मिळतो, हे डग्लसने १९६४ मध्ये दाखवून दिले व ब्रिटनमधील शिक्षणविषयक वादात त्याचे निष्कर्ष वारंवार उद्धृत झाले. या धर्तीवर १९५८, १९७० व २०००–०१ या वर्षांतील जन्मसमूहांचेही अभ्यास सुरू झाले. १९५८ च्या समूहावरून गर्भवतीचे धूम्रपान व अर्भकाचे कमी वजन यांचा संबंध प्रस्थापित होण्यास साहाय्य झाले. १९७० च्या समूहाच्या एका विश्लेषणात (२०१४) प्रौढपणीच्या जीवनविषयक समाधानाचे बालपणातील सर्वांत प्रभावी गमक भावनिक स्वास्थ्य हे असून शालेय गुणवत्तेचा क्रमांक त्याखाली लागतो, असे दिसून आले.

(३) काउआई : हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या सर्व, म्हणजे ६९८ बालकांचा अभ्यास एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी केला. ही मुले प्रामुख्याने मळ्यांवर राबणाऱ्या जपानी, फिलिपिनो व हवाईयन वंशांच्या कुटुंबांतील होती. १, २, १०, १८, ३२ व ४० या वयांत त्यांची तपासणी झाली. दारिद्र्य, जन्माच्या वेळचे आघात, कौटुंबिक कलह, आईबापांचे मद्यपान वा मनोविकार यांपैकी चार वा अधिक प्रतिकूल घटक वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ज्यांच्या वाट्यास आले, अशी मुले सुमारे दोनशे होती. त्यांपैकी दोनतृतीयांश मुलांत अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासाच्या, वर्तनाच्या किंवा मानसिक स्वास्थ्याच्या गंभीर समस्या निर्माण झाल्या. उरलेली ७२ मुले मात्र कर्तबगार, आत्मविश्वासू व इतरांची काळजी वाहणारी निघाली.

या ७२ मुलांच्या बाबतीत तीन प्रकारचे संरक्षक घटक आढळले. पहिला, मुलाचा स्वतःचा मनमिळाऊ स्वभाव व अडचण सोडविण्याची हातोटी. दुसरा, घरातील निदान एका प्रौढ व्यक्तीशी जडलेले स्थिर व विश्वासाचे नाते. ही व्यक्ती आई किंवा वडीलच असावी असे नसून आजी, आजोबा, मावशी वा थोरले भावंडही ती जागा भरून काढू शकते. तिसरा, शिक्षक, शेजारी, धर्मसंस्था यांसारखा घराबाहेरील आधार. विशेष लक्षणीय गोष्ट अशी, की अठराव्या वर्षी बिघडलेल्या मानल्या गेलेल्या मुलांपैकीही बहुतेक जण चाळिशीपर्यंत सावरले होते. पुन्हा सुरू केलेले शिक्षण, सैन्यातील नोकरी, समजूतदार जोडीदाराशी विवाह किंवा एखाद्या धार्मिक समुदायाचा आधार, असे आयुष्याला वळण देणारे प्रसंग त्यास कारणीभूत ठरले. या अभ्यासाने संशोधकांचे लक्ष मुले का बिघडतात या प्रश्नाकडून ती का तगतात या प्रश्नाकडे वळविले.

(४) ड्यूनीडन : न्यूझीलंडमधील ड्यूनीडन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षात एका प्रसूतिगृहात जन्मलेल्या १,०३७ बालकांचा अभ्यास फिल सिल्व्हा याने सुरू केला. पुढे रिची पोल्टन (मृत्यू २०२३) याने त्याची धुरा वाहिली. टेरी मॉफिट व ॲव्हशालोम कॅस्पी हे या अभ्यासाचे अन्य प्रमुख संशोधक होत. दीर्घकालीन अभ्यासांत व्यक्तींची गळती ही नेहमीची अडचण असते. तथापि येथे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्या ९९७ व्यक्तींपैकी ९३८ व्यक्तींची तपासणी होऊ शकली. परदेशी स्थायिक झालेल्यांना प्रवासखर्च देऊन ड्यूनीडनला आणले जाते.

मॉफिटने १९९३ मध्ये समाजविघातक वर्तनाचे दोन प्रकार मांडले. बहुसंख्य मुलांचे असे वर्तन पौगंडावस्थेपुरते मर्यादित असते व वयाबरोबर ओसरते. अल्पसंख्य मुलांत मात्र ते बालपणीच दिसू लागते व पुढे आयुष्यभर टिकण्याचा संभव असतो. दोहोंना एकाच मापाने शिक्षा करणे अयोग्य ठरते, हा त्याचा व्यावहारिक निष्कर्ष होय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, बालपणीच्या आत्मसंयमनावरून बत्तिसाव्या वर्षीचे आरोग्य, आर्थिक स्थिती व गुन्हेगारी यांचे काही प्रमाणात भाकीत करता येते, आणि कुटुंबाची सांपत्तिक स्थिती व बुद्धिगुणांक हिशोबात घेतल्यानंतरही हा संबंध टिकून राहतो. आत्मसंयमनात सर्वांत खालच्या पंचमांशातील ४३ टक्के व्यक्तींना पुढे न्यायालयात दोषी ठरविण्यात आले, तर सर्वांत वरच्या पंचमांशात हे प्रमाण १३ टक्के होते. हा फरक मोठा आहे. परंतु याच आकड्यांनुसार अत्यल्प आत्मसंयमन असलेल्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुले गुन्ह्याकडे वळली नाहीत. तसेच ज्यांचे आत्मसंयमन वाढत्या वयाबरोबर सुधारले त्यांची प्रौढपणीची स्थितीही अपेक्षेपेक्षा चांगली राहिली. समूहाविषयी खरे ठरणारे भाकीत विशिष्ट व्यक्तीस जसेच्या तसे लावता येत नाही, हे या क्षेत्रातील एक मूलभूत तत्त्व होय.

भारतातील अभ्यास : भारतातील दीर्घकालीन अभ्यासांचा रोख प्रामुख्याने पोषण, शारीरिक वाढ व त्यांचे प्रौढपणीच्या आरोग्यावर होणारे परिणाम यांकडे राहिला आहे. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या सुमारे ८,००० बालकांची नोंद ठेवण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, तिशीच्या सुमारास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळलेल्या व्यक्ती वयाच्या पहिल्या दोन वर्षांत सडपातळ होत्या व त्यानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने वेगाने वाढत गेले होते. त्या बालपणी लठ्ठ होत्या असे मात्र नाही.

महाराष्ट्रातील या प्रकारचा महत्त्वाचा अभ्यास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत हाती घेतला. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने तो केला. कमी वजनाच्या अर्भकांना पुढील आयुष्यात हृदयविकार व मधुमेह यांचा धोका अधिक असतो, असे डेव्हिड बार्कर (१९३८–२०१३) याने ब्रिटनमधील जुन्या नोंदींवरून दाखविले होते. या विचाराची तपासणी भारतीय परिस्थितीत, व तीही गर्भधारणेच्या आधीपासून, करणे हा या अभ्यासाचा विशेष होय. त्यासाठी विवाहित स्त्रियांची मोजमापे आधी घेऊन ठेवण्यात आली व त्यांना दिवस राहिल्यावर त्यांचा आहार, शेतातील व घरातील श्रम आणि रक्तातील पोषकद्रव्ये यांची नोंद करण्यात आली. अशा सुमारे आठशे गरोदरपणांचा मागोवा घेण्यात आला.

येथील अर्भकांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ. होते, तर साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३·५ किग्रॅ. होते. मात्र हा फरक शरीराच्या सर्व घटकांत सारखा नव्हता. पुण्याच्या अर्भकांत स्नायू व पोटातील इंद्रिये यांची वाढ बरीच खुंटलेली होती. त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. दिसण्यात कृश पण मेदाचे प्रमाण अधिक, असे हे भारतीय अर्भकाचे वैशिष्ट्य मधुमेहाच्या भारतातील प्रादुर्भावाच्या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची अर्भके आकाराने मोठी होती, तर गरोदरपणी अतिश्रम कराव्या लागलेल्या मातांची लहान होती. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे आढळले, की ज्यांच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्या मुलांत इन्शुलिनला होणारा शरीराचा प्रतिरोध सर्वांत अधिक होता (२००८). ब१२ ची कमतरता बहुसंख्य मातांत होती. मूळच्या बालकांनी तारुण्यात पदार्पण केल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब१२ देऊन त्यांच्या पुढील पिढीवर होणारा परिणाम अजमावण्याची चाचणी सुरू करण्यात आली. अशा रीतीने एका पिढीचे निरीक्षण दुसऱ्या पिढीच्या हितासाठी प्रयोगात रूपांतरित झाले.

सहसंबंध व कारणसंबंध : दीर्घकालीन निरीक्षणातून दोन गोष्टी एकामागून एक घडतात एवढे समजते, पहिलीमुळेच दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगाची जोड लागते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी बालशाळा प्रकल्पात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून एका गटास दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यात आले. बुद्धिगुणांकातील प्रारंभीची वाढ काही वर्षांतच ओसरली व प्रकल्प निष्फळ ठरल्यासारखे वाटले. परंतु चाळिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला असता, शिक्षण मिळालेल्या गटातील व्यक्तींची शालेय मजल, मिळकत व नोकरी अधिक चांगली असून त्यांच्या अटकेचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले. संशोधन मध्येच थांबविले असते, तर निष्कर्ष नेमका उलट निघाला असता.

रूमानियातील बूखारेस्ट येथे २००० नंतर झालेल्या प्रयोगात अनाथालयांतील १३६ बालकांपैकी निम्म्या बालकांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. त्यांची बौद्धिक व भावनिक प्रगती अनाथालयात राहिलेल्या बालकांपेक्षा चांगली झाली व साधारणतः दोन वर्षांच्या आत कुटुंब लाभलेल्यांच्या बाबतीत काही क्षमतांची भरपाई अधिक झाली. ग्वातेमालातील खेड्यांत १९६९–७७ या काळात तीन वर्षांच्या आतील मुलांना दिलेल्या पौष्टिक पेयाचा परिणाम मुलग्यांच्या प्रौढपणीच्या वेतनातही दिसून आला.

मर्यादा व आक्षेप : या अभ्यासांना अपार खर्च व काळ लागतो, संशोधकाच्या हयातीत फळ हाती येईलच असे नसते. मध्येच समूह सोडून जाणाऱ्यांत गरीब, आजारी व स्थलांतरित यांचे प्रमाण जास्त असल्याने उरलेल्यांवरून काढलेले चित्र वास्तवापेक्षा उजळ दिसते. त्याच त्या चाचण्यांच्या सरावाने गुण वाढतात, तर जुन्या चाचण्या कालबाह्य होतात. एका पिढीचे निष्कर्ष दुसऱ्या पिढीस लागू पडतीलच असे नाही. बहुतेक मोठे अभ्यास संपन्न पाश्चात्त्य समाजांतील असल्याने एकत्र कुटुंब, शेतीवरील बालपण किंवा लवकर होणारे विवाह यांविषयी त्यांपासून थोडाच बोध होतो. ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने इथिओपिया, भारत, पेरू व व्हिएटनाम या देशांतील सुमारे १२,००० मुलांचा एक अभ्यास या शतकाच्या प्रारंभी सुरू झाला. भारतातील मुले तत्कालीन आंध्र प्रदेशातील होती.

काही गाजलेले निष्कर्षही पुढे टिकले नाहीत. विशिष्ट जनुक असलेल्या व्यक्तींना आयुष्यातील आघातांमुळे अवसाद अधिक जडतो, हा ड्यूनीडन अभ्यासातील २००३ चा निष्कर्ष नंतरच्या फार मोठ्या समूहांत प्रत्ययास आला नाही. वॉल्टर मिशेल याने बालकांपुढे मिठाई ठेवून केलेल्या धीराच्या चाचणीवरून त्यांच्या पुढील यशाचे अनुमान करता येते, असे मानले जाई. २०१८ मधील पुनरावृत्तीत घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण ठरला. नैतिक प्रश्नही उपस्थित होतात : अर्भकाच्या वतीने आईबापांनी दिलेली संमती त्याच्यावर कोठवर बंधनकारक मानावी, त्याची खाजगी माहिती किती काळ जपावी आणि तपासणीत आढळलेल्या रोगावर उपचार करणे हे संशोधकाचे कर्तव्य मानावे की नाही, यांविषयी ठाम नियम करणे आवश्यक ठरले आहे.

फलश्रुती : सुमारे शंभर वर्षांच्या या संशोधनातून काही बाबी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. गर्भावस्था व पहिली काही वर्षे यांतील पोषण, स्नेह व सुरक्षितता यांचा प्रभाव दूरगामी असतो. हा प्रभाव संभाव्यतेच्या स्वरूपाचा असून नियतीसारखा अटळ नसतो. प्रतिकूल घटक एकेकटे असताना सहसा सुसह्य असतात. त्यांची संख्या वाढत गेली म्हणजे धोका वाढतो. शाळा, विवाह, उपजीविका व मैत्री यांच्या द्वारे प्रौढपणीही जीवनाची दिशा बदलू शकते, आणि एका विश्वासू व्यक्तीचा आधार सर्व वयांत मोलाचा ठरतो. यावरून धोरणविषयक दोन बोध निघतात. गर्भवतींचा आहार, अंगणवाड्या व पूर्वप्राथमिक शिक्षण यांवर होणारा खर्च दीर्घ मुदतीने फळ देतो. म्हणून त्याचे मूल्यमापन दोनचार वर्षांच्या आकडेवारीवरून करू नये. तसेच बालपण हातचे गेले म्हणून नापास झालेल्या, घर सोडलेल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या किशोरवयीनांना वाऱ्यावर सोडण्यास शास्त्राचा आधार नाही. मुलाचे पाय पाळण्यात काही अंशी दिसतात हे खरे; परंतु ते कोठवर चालत जातील हे पुढील वाट व वाटेत भेटणारी माणसे यांवरही अवलंबून असते.